भडंगच्या जोडीचं जॉबकार्ड

५ जानेवारी २०२५

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे. गेट असो नाहीतर ट्रॉलीची चेसी, आधी जॉबकार्ड लिहायचं आणि मगच वेल्डिंगचा होल्डर हातात घ्यायचा, हा वडिलांपासूनचा रिवाज. घरात गेले पंधरा दिवस एक काम तोंडीच चाललंय. तोंडी कामाचं शेवटी काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून ही वही.

काम: आमच्या सशाला दुसरा ससा आणायचा का.

सशाचं नाव भडंग. वय साधारण सव्वा वर्ष. अंग पांढरं, कान राखाडी, नाकाच्या बाजूला करपलेल्या शेंगदाण्याएवढा डाग. मेव्हण्यानं दिदीच्या वाढदिवसाला दुकानातून आणला, पिंजऱ्यासकट. "नर आहे, शांत असतो," असं दुकानदारानं सांगितलेलं.

तक्रारी घरच्यांनी सांगितलेल्या, मी अजून काही मोजलेलं नाही. पहाटे पिंजऱ्याचे गज चावतो. दिवसभर कोपऱ्यात गप्प असतो. अंगावरचे केस उपटतो. मुताची पिचकारी मारतो, परवा तर हिच्या इस्त्री केलेल्या साड्यांवर.

दिदी: "पप्पा, तो एकटा पडलाय. मी वाचलो, ससे टोळीनं राहतात."
आई: "शेतातला ससा एकलाच असतोय. मी जन्मभर बघितलोय."
ही: "लेंड्या कोण काढणार ते आधी लिहा त्या वहीत."

लिहिलं.

८ जानेवारी

आईचं माहेर पन्हाळ्याच्या बाजूचं. उसाला पाणी पाजताना सरीतून उठून पळणारे ससे तिनं लहानपणापासून पाहिलेत, आणि त्यात एकावेळी दुसरा ससा तिला कधी दिसला नाही. दिदी म्हणते ससे जमिनीखाली गाव करून राहतात. तीन दिवस दोघींचा वाद. काल रात्री बसून वाचून काढलं, तर दोघींचंही बरोबर निघालं. जनावरंच दोन आहेत.

आईचा तो रानससा. तो बीळ करत नाही, गवतात दबून बसतो, एकटा हिंडतो. त्याची पिल्लं जन्मतानाच केसाळ आणि डोळे उघडलेली असतात, कारण त्यांना उघड्यावर जगायचं असतं. दिदीचा पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो जमिनीखाली बिळांचं जाळं करतो, टोळीनं राहतो, आणि त्याची पिल्लं उघडीबोडकी, डोळे मिटलेली जन्मतात. इंग्रजीत दोघांना दोन वेगळे शब्द आहेत. आपण दोघांनाही ससाच म्हणतो, त्यामुळं आमच्या घरात तीन दिवस भांडण.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग ह्यो आपला न्हवंच की." एवढ्यावर तिनं विषय सोडला, पण हरली असं तिला वाटत नाही.

जाता जाता: गावाकडच्या एकानं "उसातलं पिल्लू धरून देतो, फुकटात जोडी होईल" अशी ऑफर दिली. दोन्ही जातींची जोडी जमत नाही, आणि रानससा धरणं, पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. नको म्हणून सांगितलं.

१४ जानेवारी

संक्रांत. नऊ दिवसांच्या नोंदी जमल्या. पहाटेची पाळी आईची (ती चारला उठतेच), संध्याकाळची दिदीची, रात्रीची माझी.

पहिली गोष्ट, तो दिवसा गप्प बसतो हे दुःख नव्हे. सशाची जाग पहाटे आणि दिवेलागणीला. दुपारी तो झोपतो, डोळे उघडे ठेवूनही झोपतो. आपण दुपारी बघतो आणि आपल्याला तो उदास दिसतो. तक्रार क्रमांक दोन रद्द.

दुसरी, गज चावणं. नऊपैकी आठ दिवस ते पहाटे साडेचार ते सहा या वेळातच झालं. आईनं दार उघडून त्याला बाहेर सोडलं की बंद. पिंजरा टेपनं मोजला: दोन फूट बाय दीड फूट. भडंग लांब पसरला की नाकापासून शेपटीपर्यंत सोळा इंच. म्हणजे त्याला एक धड उडीसुद्धा मारता येत नाही. ह्या पिंजऱ्यात दुसरा ससा घातला तर दोघं मिळून गज चावतील, बाकी फरक पडणार नाही.

तिसरी आईनं पाहिली आणि घाबरली: पहाटे तो स्वतःच्या बुडाशी तोंड नेऊन काहीतरी खातो. ते रोगाचं लक्षण नाही. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या. कोरड्या गोळ्या टाकून देतो, आणि द्राक्षाच्या घडासारख्या मऊ, चिकट लेंड्या थेट तोंडात घेतो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. आईनं ऐकून घेतलं आणि तिळगुळाचं ताट माझ्यापासून लांब सरकवलं.

केस उपटणं आणि पिचकारी यांचं कारण कळलेलं नाही.

तिनं अजून एक सांगितलं, लिहून ठेवतो: "ह्याला गाईवानी पोळी हाय गळ्याला." पोळी म्हणजे गळ्याखाली लोंबणारी कातडीची घडी.

१९ जानेवारी

आज शॉप बंद ठेवून घरची पडवी घेतली. जोडीला निदान ३ मीटर बाय २ मीटर जागा आणि १ मीटर उंची हवी, असं ब्रिटनमधल्या सशांच्या संस्था सांगतात. आमची पडवी दहा फूट बाय सहा, म्हणजे लांबी पुरते, रुंदी अर्धा फूट कमी. चालवून घेतलं. एकट्यासाठी करायचंच आहे तर जोडीच्या मापाचं करू. उद्या एकटाच राहिला तरी त्याची काही तक्रार असणार नाही.

पाऊण इंची स्क्वेअर पाईपची चौकट, वर इंच बाय इंच वेल्डमेश. जाळी कापल्यावर तारेची टोकं सुईसारखी राहतात. गेटाला आपण ती बाहेरच्या बाजूला वळवून मोकळे होतो. इथं प्रत्येक टोकावरून ग्राइंडर फिरवला आणि शेवटी डोळे मिटून तळहात फिरवून पाहिला. दोन ठिकाणी रक्त आलं. परत ग्राइंडर. गॅल्वनाइजच्या जाळीवर जस्ताचे थेंब लोंबत असतात, ससा ते कुरतडून गिळू शकतो, म्हणून तेही तासून काढले. चाळीस फूट जाळीला अख्खा दिवस गेला. गिऱ्हाइकाला हा रेट सांगितला असता तर पळून गेलं असतं.

तळाला जाळी लावली नाही. कुत्र्या-मांजरासारखी सशाच्या तळपायाला गादी नसते, नुसते केस असतात. तारेवर उभं राहून टाच सोलवटते. शहाबादी फरशीवर पाय घसरतो, म्हणून गोणपाट अंथरलं. एका रात्रीत त्यानं त्याचे दोरे ओढायला सुरुवात केली. दोरा पोटात गेला तर आतडं अडकायचं. काढून टाकलं, जुनी सुती गोधडी टाकली आणि वर भाताच्या पिंजराचा, म्हणजे वाळल्या पेंढ्याचा, जाड थर.

खाण्यातही बदल. आतापर्यंत बिस्किट, गाजर, चपाती असलं लाडाचं चाललं होतं. आता मुख्य खाणं वाळलं गवत, दिवसभर समोर. वर कोथिंबीर, थोडी हरळी. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी आणणारा एक दोस्त आहे, त्याच्याकडून गवताची पेंढी. त्यानं विचारलं, "म्हस घेतलास व्हय रं?" ससा म्हटल्यावर त्यानं पैसेच घेतले नाहीत. हसून मात्र घेतलं पोटभर.

२६ जानेवारी

सात दिवसांत गज चावणं बंद. ध्वजवंदन करून आल्यावर पाहिलं तर पडवीत धावता धावता मध्येच हवेत उडी मारून अंग पिळत होता. दिदीला ह्याचं नाव माहीत आहे, बिंकी. सशाच्या आनंदाची खूण.

केस उपटणं वाढलंय. पिचकारी चालू. आज तोंडात पिंजर आडवं धरून इकडून तिकडं नेत होता, मिशा फुटल्यासारखा दिसत होता. फोटो काढला.

२ फेब्रुवारी

दोन डॉक्टर झाले.

पहिल्यांच्या टेबलावर भडंग टोपलीतून पुरता बाहेरही आला नव्हता. त्यांनी वरूनच बघितलं आणि म्हणाले, "एकटं आहे म्हणून केस उपटतंय. मादी आणा एक." फी दिली, आलो. दिदी जिंकल्यासारखी गाडीत बसली होती. मला ते रुचेना. माप न घेता दिलेलं कोटेशन आहे हे.

दुसऱ्या डॉक्टरीणबाई. त्यांनी आधी वजन केलं, दात बघितले, कानात बॅटरी मारली. मग टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीशी टेकवून उभा धरला. सशाला उताणं केलं की तो निपचित पडतो, लोकांना वाटतं आराम वाटला, पण ती भीती असते, म्हणून उताणं करायचं नाही, असं त्या म्हणाल्या. बोटानं हळूच दाबून बघितलं, परत बघितलं आणि म्हणाल्या, "ही मादी आहे."

मी फोटो दाखवला, पिंजराच्या मिशांचा. त्या हसल्या. गळ्याखालचे आणि पोटाचेच केस उपटले जातायत ना? हो. गवत तोंडात धरून एका कोपऱ्यात नेते? हो. मग हा खोटा गाभ आहे. पोटात काही नसताना शरीराला वाटतं पिल्लं होणार, म्हणून ती स्वतःच्या केसांचं घरटं करते. सोळा-अठरा दिवसांत ओसरतं, परत येतं. पिचकारी मारणं, पायावर चढणं हेसुद्धा मादी करते, ते वयात आल्याचं, एकटेपणाचं नव्हे. गळ्याची ती पोळीही मादीलाच जास्त असते.

घरी येऊन सांगितलं. आई: "मी म्हनलो न्हवतो? पोळी हाय म्हणून?" म्हटली होती. वहीत आहे.

पहिल्या डॉक्टरांचं ऐकून 'मादी' आणायला त्याच दुकानात गेलो असतो आणि दुकानदारानं तशीच 'मादी' दिली असती, तर काय झालं असतं ते रात्री हिशोबानं मांडलं. सशाचा गाभ महिनाभराचा. एका वेतात पाच-सहा पिल्लं सहज. व्यायल्याच दिवशी परत गाभण राहू शकते. पिल्लं चार महिन्यांत वयात. गणपतीपर्यंतचा आकडा काढला आणि वही मिटली.

आता वहीत 'तो' लिहायचं की 'ती', हा प्रश्न दिदीनं काढला. आजपासून ती. तशा आमच्या कोल्हापूरच्या बायका 'मी जातो, मी येतो'च म्हणतात, त्यामुळं सव्वा वर्ष 'आला', 'गेला' ऐकून भडंगला वावगं वाटलं नसावं.

९ फेब्रुवारी

जोडीचा प्रश्न बाजूला, आधी ऑपरेशन. गर्भाशय काढलं नाही तर चार वर्षांपुढच्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो, म्हणजे हे पुढं आमच्याच दारात येणार. पुढं नर आणायचा ठरलं तरी हे लागणारच आहे. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच सांगितलं, "सशांची भूल मी रोज देत नाही, पुण्याला न्या." असं सांगणाऱ्या माणसाकडं मी परत जातो.

२३ फेब्रुवारी

धनकवडीत चुलतभावाच्या घरी बसून लिहितोय.

काल पहाटे तीनला निघालो. कागल-सातारा सहापदरीचं काम चालू, डायव्हर्जनवर डायव्हर्जन. प्रत्येक खड्ड्याला मागं बसलेली दिदी टोपलीवर हात ठेवायची. माणसासारखं उपाशीपोटी न्यायचं नाही हे आधीच बजावलं होतं. सशाला उलटी करताच येत नाही, त्यामुळं तो धोका नसतो. उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात, आणि सशाची आतडी थांबली म्हणजे जिवावर बेतलं. गाडीतसुद्धा तोंडाशी गवत.

ऑपरेशन बाराला झालं, चारला ताब्यात मिळाली. कागदावर औषधं आणि खाली लाल पेनानं: पेनिसिलिनच्या जातीचं काहीही तोंडावाटे द्यायचं नाही. त्यानं सशाच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि पाठोपाठ ससा.

रात्रीचा लॉग तसाच उतरवतो.

सात वाजता: गवत हुंगलं नाही. नऊ: कोथिंबीर नाकापुढं धरली, तोंड फिरवलं. दहा: सिरिंजनं पातळ खाणं, पाच मिली, त्यातलं दोन माझ्या शर्टावर. अकरा: लेंडी नाही. दात करकर वाजवतेय. हलका कुरकुर आवाज समाधानाचा, हा मोठा करकर दुखण्याचा. डॉक्टरांना फोन, दुखण्याच्या औषधाची वेळ अर्धा तास अलीकडं घेतली. साडेबारा: सिरिंज, आठ मिली. पोटाला कान लावला, काही नाही. दीड: पोटात एकदा गुडगुड. दिदी झोपली. दोन पन्नास: टॉवेलवर तीन लेंड्या, मोहरीपेक्षा जरा मोठ्या, एकीला दुसरी केसानं जोडलेली. तळहातावर घेऊन दिव्याखाली बघत होतो तेव्हा चुलतभाऊ पाणी प्यायला उठला. त्यानं माझ्याकडं बघितलं, काही बोलला नाही, दिवा तसाच ठेवून गेला.

सव्वाचार: कोथिंबिरीचं एक पान. देठासकट.

१६ मार्च

टाके सुकले. केस परत आले. पिचकारी जवळपास बंद, खोटा गाभ परत आला नाही.

म्हणजे जानेवारीतल्या सगळ्या तक्रारी मिटल्या आणि त्यातली एकही जोडीदार आणून मिटली नसती. दिदीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तिला कुणी नकोच, असं कुठं सिद्ध झालं?"

बरोबर आहे तिचं. बेअरिंगचा आवाज गेला म्हणजे पट्टा ठीक आहे असं होत नाही.

२३ मार्च

आठवडाभर फक्त एकच गोष्ट मोजली. भडंग जागी असताना किती वेळ तिच्याजवळ कुणी ना कुणी आहे. नुसतं घरात असणं धरलं नाही, हाताच्या अंतरावर असणं धरलं.

सरासरी: पहाटे आई पाऊण तास (पाटावर बसून जप करते, भडंग तिच्या पदराशी). सकाळी दिदी दहा मिनिटं. संध्याकाळी दिदी पाऊण तास. रात्री मी वीस मिनिटं. एकूण दोन तास. रात्री अकरा ते चार या पाच तासांत ती कितीतरी वेळा उठते, खाते, पडवीला फेऱ्या मारते, आणि घर झोपलेलं असतं. मागच्या बाजूला मोबाईल लावून ठेवला होता. दोन वाजून सात मिनिटांनी ती जाळीशी आली, कपाळ जमिनीला टेकवून बसली. सशांत याचा अर्थ 'मला चाट' असा होतो. हात पुढं केला की ती आमच्यापुढंही तशीच बसते आणि आपण कपाळ खाजवतो. व्हिडिओत समोर कुणी नव्हतं. चार मिनिटं तशी बसली, मग उठून गवताकडं गेली.

दिदीला हा व्हिडिओ अजून दाखवला नाही.

शेजाऱ्यांच्या पोरानं गिनिपिग देऊ केलाय, "दोघं सारखंच की." सारखे नाहीत. सशाच्या मागच्या पायाची लाथ गिनिपिगची हाडं मोडू शकते, सशाला त्रास न देणारे श्वासाचे जंतू गिनिपिगला आजारी पाडतात, त्याला खाण्यातून क जीवनसत्त्व लागतं आणि सशाला लागत नाही. शिवाय दोघांना एकमेकांची भाषा येत नाही.

३० मार्च

पाडवा. गुढी उतरल्यावर बैठक. मी दोन तासांचा हिशोब मांडला. आई म्हणाली, "चार वाजता मी असतोय की तिच्यासंगं. आनि कोन पायजे?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पहाटेची वेळ तीच सांभाळते.

२० एप्रिल

आई ८ तारखेला गावाला गेली. १२ ला चैत्री पौर्णिमा, जोतिबाची यात्रा, सासनकाठी, पाहुणे, मग "आलोच हाय तर" म्हणून अजून आठ दिवस.

न ठरवता चाचणी झाली. पहिल्या दिवसापासून भडंग चारला पाटाजवळ जाऊन बसायची. पाट रिकामा. तिसऱ्या दिवशी मागचा पाय जमिनीवर आपटला, धप्, धप्. पाचव्या दिवसापासून गवत कमी. लेंड्या लहान. मी चारला उठून बसलो, पण मी पाच मिनिटांत पेंगतो आणि ती निघून जाते.

मात्र हे रीडिंग मी बाद धरतोय. त्याच आठवड्यात पारा अडतीसच्या पुढं गेला. पंचविशीच्या वर सशाला त्रास सुरू होतो, तिशीपुढं उष्माघाताचा धोका. उन्हानंही खाणं कमी होतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या, आता कुणामुळं काय झालं सांगता येत नाही. पाण्याच्या बाटल्या गोठवून फडक्यात गुंडाळून ठेवतोय, पडवीला ओलं पोतं बाहेरून. दुपारी ती बाटलीला पाठ लावून पडते.

आई काल आली. भडंगनं तिच्या पायांभोवती तीन चकरा मारल्या. आई काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "मी काय जन्माला पुरनार हाय तिच्या? आनायचं तर आना."

दिदी ताटावरून उठून नाचली. मी व्हिडिओ दाखवला. मग नाचणं थांबलं.

४ मे

निर्णय: आणायचा. अटी: नर, मोठ्या वयाचा, आणि ऑपरेशन झालेला, कारण मादीबरोबर असाच नर सगळ्यात सहज जमतो. दुकानातून नाही. आणि जमलंच नाही तर त्याला परत पाठवायचं नाही, पडवी मधोमध जाळीनं विभागून दोघंही कायम राहतील. ही शेवटची अट हिनं घातली, जिचा पहिला प्रश्न लेंड्यांचा होता.

इचलकरंजीत एका घरी दोन वर्षांचा नर आहे. मुलगा शिकायला बाहेर गेला, ससा गच्चीवर एकटा, पत्र्याखाली, मे महिन्यात. नाव शेव. दिदी म्हणाली नाव बदलायची गरजच नाही. ७ तारखेला पुणे, परत तेच डॉक्टर. ऑपरेशननंतरही सहा आठवड्यांपर्यंत नराकडून गाभ राहू शकतो. आमची मादी ऑपरेशनवाली असल्यानं ती भीती नाही, पण त्याची गरमी उतरेपर्यंत भेट नको. म्हणजे १८ जूनच्या आत काही नाही. तोवर तो शॉपच्या मागच्या खोलीत.

१५ जून

मृगाचा पाऊस. शेव घरी आला, पण पडवीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात. मधली जाळी दुहेरी केली, दोन जाळ्यांत दोन इंचाचं अंतर. एकेरी जाळीतून नाकं चावतात.

रोज दोघांची गोधडी अदलाबदल. भडंगनं पहिल्या दिवशी त्याच्या गोधडीवर लेंड्यांचा डोंगर केला. तिसऱ्या दिवशी त्यावर हनुवटी घासली. सहाव्या दिवशी त्यावर झोपली.

२२ जून

पहिली भेट. पडवी तिच्या मालकीची, म्हणून तिथं नाही. न्हाणीत, जिथं दोघांपैकी कुणीच कधी गेलं नव्हतं. माझ्या हातात वेल्डिंगचे चामडी हातमोजे, आई दारात पाटावर, दिदीच्या हातात घड्याळ.

पहिली दोन मिनिटं दोघं दोन कोपऱ्यांत, एकमेकांना न दिसल्यासारखे अंग चाटत होते. मग भडंगनं मुसंडी मारली. गोल, गोल, गोल. केसांचा एक झुपका हवेत उडाला आणि खाली यायला बराच वेळ लागला. मी हात घातला, चावा मोज्यात बसला, आत दोन दातांची खूण उमटली. बारा मिनिटांवर थांबवलं.

आई: "सवतीवानी करत्यात."

२९ जून

रोज पंधरा मिनिटं. पाठलाग आहे, रक्त नाही. अंगावर चढाचढी दोघांकडून, कोण मोठं ते ठरतंय. ती जिंकतेय.

६ जुलै

आषाढी. आई नंदवाळला दर्शनाला गेली, शाबूची खिचडी डब्यात. आज चाळीस मिनिटं. शेवनं कपाळ जमिनीला टेकवलं. भडंगनंही टेकवलं. दोघं समोरासमोर, कुणीच कुणाला चाटेना. दिदी हसून हसून दाराबाहेर गेली. अकरा मिनिटं दोघं तसेच अडून बसले होते. शेवटी त्यानं तिचा कान चाटला, एकदाच, जिभेचं टोक लावून.

१३ जुलै

काल रात्री पडवीतली मधली जाळी काढली. अख्खी रात्र मी खुर्चीवर, हातमोजे मांडीवर. अकरा ते दोन काही नाही, दोन टोकांना दोघं. दोन पस्तीसला ती त्याच्याजवळ जाऊन आडवी पडली, एकदम, धपकन, पाय पसरून, मेल्यासारखी. दिदीनं सांगून ठेवलं होतं म्हणून मी ओरडलो नाही. तोही पडला. पाऊस चालू होता.

चारला आई उठली. पाटावर बसली, माळ काढली. भडंगनं मान वर करून बघितलं. शेव तिचं कपाळ चाटत होता. ती उठली नाही.

आईनं जप पुरा केला. मग म्हणाली, "आता बघत न्हाय माझ्याकडं."

मी म्हटलं, येईल की उद्या.

काढलेली जाळी शॉपला नेली नाही, पडवीच्या बाहेर टेकवून ठेवलीये. अजून महिनाभर तरी तिथंच राहू दे. संध्याकाळी कामावरून आलो तेव्हा पाट नेहमीच्या जागी नव्हता. आईनं तो दोन हात आत, गवताच्या टोपलीला लावून ठेवला होता.